ती दोन पुस्तकं कपाटात असू द्या

यंदा प्रत्येक हाऊसला आपापल्या वाचन-कपाटासाठी दहा पुस्तकं सुचवायची होती. आमच्या हाऊसची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. दहापैकी आठ नावं लगेच मंजूर झाली. उरलेल्या दोन नावांपुढे पेन्सिलने शेरा होता : 'विषय कॅडेट्ससाठी योग्य आहे का, विचार व्हावा.' पुस्तकं नाकारलेली नाहीत, विचार व्हावा एवढंच म्हटलं आहे. म्हणून मी केलेला विचार इथे मांडतो.

दोन्ही पुस्तकं इंग्रजी आहेत, माझ्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या नायकाला डिप्रेशन आहे. एक नेड व्हिझिनी यांची 'इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी' (2006) आणि दुसरी अदीब खोर्रम यांची 'डरायस द ग्रेट इज नॉट ओके' (2018). इंग्रजी पुस्तकांबद्दल मराठी पानावर का लिहितोस, असं एका मित्राने विचारलं. एक तर मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. दुसरं म्हणजे या अंकातलं हे एकच पान माझी आजी वाचते.

पहिल्या कादंबरीतला क्रेग पंधरा वर्षांचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहतो. मॅनहॅटनमधल्या एका नामांकित शाळेची प्रवेश परीक्षा असते. त्या परीक्षेसाठी तो झपाटल्यासारखा अभ्यास करतो आणि प्रवेश मिळवतो. घरात आनंदीआनंद. मग शाळा सुरू होते आणि त्याच्या लक्षात येतं की इथला प्रत्येक मुलगा आपापल्या गल्लीतला पहिला आहे. आता तो वर्गातला एक साधा मुलगा. काम साचत जातं, झोप उडते, खाल्लेलं अन्न पोटात राहत नाही. डोक्यात तेच तेच विचार घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात.

हे वाचताना मला अमेरिका आठवली नाही, आमची सहावी आठवली. आपल्यापैकी बहुतेकजण लेखी परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल या तीन चाळण्यांतून इथे आलो आहोत. गावाकडे पेढे वाटले गेले, काहींचे फोटो पेपरात आले. आणि पहिल्या घटक चाचणीत आयुष्यात प्रथमच कुणाचा वर्गात एकतिसावा नंबर आला. क्रेगच्या आजाराचं कारण तेवढंच आहे असं लेखक म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्याच वर्गातली बाकीची मुलं त्याच अभ्यासाखाली बरी असतात. पण हा ताण कसा असतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एका रात्री क्रेगला जगणं नको होतं. पण तो हेल्पलाइनला फोन लावतो आणि तिथून घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये जायला सांगतात, तर पहाटे स्वतःच्या पायांनी चालत जातो. किशोरवयीन मुलांच्या वॉर्डचं बांधकाम चालू असल्यामुळे त्याला मोठ्या माणसांच्या मनोरुग्ण वॉर्डात ठेवतात. तो तिथे पाच दिवस राहतो, आणि जवळजवळ सगळं पुस्तक त्या पाच दिवसांचं आहे. त्याच्या खोलीत मुक्तदा नावाचा इजिप्शियन माणूस असतो, जो पलंगावरून उठतच नाही. क्रेग खटपट करून त्याच्यासाठी इजिप्तचं संगीत मिळवतो. ते वाजल्यावर मुक्तदा खोलीबाहेर येतो. मला सगळ्या पुस्तकात हा भाग सर्वांत आवडला. स्वतः आजारी असलेला मुलगा दुसऱ्याला कोणतं गाणं लागेल याचा विचार करतो, आणि त्यात कुठे भाषण नाही.

शिवाय तो नकाशे काढतो. लहानपणी तो मनातल्या शहरांचे नकाशे काढायचा, ते मोठं होता होता सुटलं होतं. वॉर्डात तो माणसांच्या डोक्यांत शहरं काढू लागतो : रस्ते, पूल, चौक. (एनसीसीच्या मॅप रीडिंगच्या तासाला ज्यांना झोप येते त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.)

आता माझी तक्रार. पाच दिवस फार कमी आहेत. आमच्याकडे पाच दिवसांत कांजिण्याही बऱ्या होत नाहीत. त्यात पुन्हा एक छान मुलगी त्याच वॉर्डात भेटते आणि गोष्ट सोपी होऊन बसते. अशा बऱ्याच कादंबऱ्यांत ही खोड आहे : कुणीतरी प्रेमात पडलं की आजार पळाला. लेखकाने एवढं मात्र केलं आहे की बाहेर पडताना क्रेग पूर्ण बरा झालेला नाही, आणि हे त्याला स्वतःलाच माहीत आहे. त्याला डॉक्टरांकडे जात राहायचं आहे आणि शाळा बदलायची आहे.

या पुस्तकावर जो सर्वांत मोठा आक्षेप घेतला जाईल, तो मीच आधी सांगतो. नेड व्हिझिनी 2004 च्या अखेरीस खरोखरच ब्रुकलिनमधल्या एका हॉस्पिटलच्या अशा वॉर्डात पाच दिवस होते. बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहायला घेतलं. आणि डिसेंबर 2013 मध्ये, 32 व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. मग बरं होण्याची ही गोष्ट खोटी नाही का ठरत?

मला तसं वाटत नाही. 'श्यामची आई' आपल्यापैकी प्रत्येक मराठी घरात आहे. साने गुरुजींनीही 11 जून 1950 रोजी स्वतःचं जीवन संपवलं. म्हणून श्यामच्या आईने शिकवलेलं कुणी खोटं म्हटलं नाही, पुस्तक कपाटातून काढलं नाही. आजार पुन्हा उलटू शकतो, एवढंच या दोन मृत्यूंवरून मला कळतं. मलेरिया उलटतो, तसा. ज्याला तो एकदा होऊन गेला त्याच्याकडे नंतरही लक्ष ठेवावं लागतं. व्हिझिनी पुढे नऊ वर्षं जगले, लिहीत राहिले, त्यांचं पुस्तक हजारो मुलांनी वाचलं. ती नऊ वर्षं खोटी कशी म्हणायची?

'श्यामची आई'वरून आणखी एक आठवलं. त्या पुस्तकात श्याम किती वेळा रडतो! पानापानावर रडतो, आणि आपले आजोबा, बाबा, मामा सगळे ते वाचून रडलेले आहेत. त्याला कुणी नाजूक म्हणत नाही. तोच मुलगा लाइट्स-आऊटनंतर डॉर्ममध्ये रडला असता तर दुसऱ्या दिवशी फॉल-इनला त्याचं नाव काय पडलं असतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

दुसऱ्या पुस्तकाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात घडतं कमी. डरायस अमेरिकेत राहतो, त्याची आई इराणी आहे. आजोबा आजारी असल्यामुळे सगळे इराणमधल्या यझ्द शहरात जातात. तिथे त्याला सोहराब नावाचा मित्र मिळतो. फुटबॉल, चहा, आजीचं घर, हेच पुस्तक. डरायसला डिप्रेशन आहे आणि तो रोज गोळी घेतो, पण पुस्तक त्यावर थांबून राहत नाही. एखाद्याला चष्मा असावा तसं ते आहे. आणि डिप्रेशनसाठी गोळी त्याचे बाबाही घेतात. बाप-लेकांचं फारसं पटत नाही, बाबांना आपण आवडत नाही असं मुलाला वाटत राहतं. पण त्या घरात हा आजार दोघांना आहे आणि तो लपवलेला नाही. पालकांनी एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तर हे वाचावं. इंग्रजी वाचणं जड जात असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा मराठी चित्रपट पाहावा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत 2016 सालचं सुवर्णकमळ मिळालं आहे. घर सोडून भरकटलेल्या एका खचलेल्या मुलाला जानकी नावाची बाई कोकणातल्या आपल्या घरी आसरा देते आणि त्याला प्रश्न विचारत बसत नाही. समुद्रकिनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांना जसं जपतात, त्याचं कवच जसं तो स्वतः उघडेपर्यंत थांबावं लागतं, तसं ती थांबते. माझ्या बाबांना चित्रपट फार संथ वाटला. आई मात्र शेवटपर्यंत उठली नाही.

आता शेऱ्याकडे वळतो. विषय योग्य आहे का, या प्रश्नामागे दोन वेगवेगळ्या काळज्या असतात असं मला वाटतं. एक पालकांची, एक इन्स्ट्रक्टर्सची.

पालकांची काळजी अशी की, मुलाच्या डोक्यात नाही ते कशाला घालायचं? ही काळजी जुनी आहे आणि ती वेडगळ नाही. 1774 मध्ये गटे या जर्मन लेखकाची वेर्थर नावाच्या दुःखी तरुणाची कादंबरी आली. तिच्यात नायक शेवटी जीव देतो. तरुण त्याची नक्कल करतील या भीतीने लाइपझिश शहराने 1775 मध्ये तिच्यावर बंदी घातली. अशा नकलेला संशोधक आजही 'वेर्थर परिणाम' म्हणतात. म्हणून मीसुद्धा वाटेल ते पुस्तक कपाटात ठेवा असं म्हणत नाही. जे अॅशर यांची 'थर्टीन रीझन्स व्हाय' (2007) फार गाजली, तिच्यावर 2017 मध्ये मालिका निघाली. ती मी मुद्दाम यादीत घातली नाही. त्यात एक मुलगी मरताना काही जणांसाठी कॅसेट्स ठेवून जाते आणि पुस्तकभर तिचाच आवाज बोलत राहतो. जणू मेल्यावरही आपण लोकांचे चेहरे पाहू शकतो, त्यांना धडा शिकवू शकतो. पंधराव्या वर्षी रागावलेल्या मुलाला नेमकं हेच खरं वाटण्याचा धोका असतो. मेलेल्याला काहीही ऐकू येत नाही. टिंगल आणि अफवा यांनी एखाद्याचं काय होतं ते या पुस्तकात चांगलं दाखवलं आहे, हे मान्य. तरीही ते एकट्याने, टॉर्चच्या उजेडात वाचायचं पुस्तक नव्हे.

पण वेर्थरची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. मोझार्टच्या 1791 च्या 'द मॅजिक फ्लूट' या संगीत नाटकात पापागेनो नावाचा पक्षी पकडणारा आहे. तोही निराश होऊन जीव द्यायला निघतो. तेव्हा तीन मुलं येतात आणि त्याला आठवण करून देतात की अरे, तुझ्याकडच्या घंटा वाजव की! तो वाजवतो आणि वाचतो. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस अशा विचारांपर्यंत पोचला पण त्यातून बाहेर आला, अशा बातम्या छापून आल्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी झालेलं त्यांना आढळलं. त्याला त्यांनी 'पापागेनो परिणाम' नाव दिलं. तो अभ्यास वर्तमानपत्रांचा होता, कादंबऱ्यांचा नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. पण विषय एकच असला तरी गोष्ट कुठे संपते यावर बरंच काही अवलंबून असतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. शेऱ्यात 'विषय' शब्दाऐवजी 'मांडणी' शब्द असता तर मी लगेच सही केली असती. आणि पापागेनोला वाचवणारी ती तीन मुलं आहेत, डॉक्टर किंवा राजा नाही, हे मला आपल्या डॉर्मच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं.

इन्स्ट्रक्टर्सची काळजी वेगळी असते : ही सैनिकी शाळा आहे, इथे मुलं कणखर व्हायला हवीत, असली पुस्तकं वाचून ती स्वतःची नाडी बघत बसतील. याचं उत्तर मला आपल्याच ग्राउंडवर मिळालं. क्रॉस कंट्रीच्या तयारीत नडगी दुखू लागली तर पीटी उस्ताद काय सांगतात? 'लगेच रिपोर्ट कर.' कारण स्ट्रेस फ्रॅक्चर. हे हाड एका फटक्यात मोडत नाही. रोजच्या रोज थोडा थोडा भार पडून त्याला बारीक चीर जाते. सुरुवातीला ती एक्स-रेतही बहुतेक वेळा दिसत नाही, फक्त त्या मुलाला जाणवते. तसाच धावत राहिला तर हाड खरोखर मोडतं आणि मग सहा-आठ आठवडे खाटेवर. उस्तादांना असा 'कणखर' मुलगा अजिबात नको असतो. वेळेवर सांगणारा हवा असतो, कारण तोच स्पर्धेच्या दिवशी धावू शकतो. आता यात नडगीच्या जागी मन घालून बघावं, एवढीच माझी विनंती आहे.

फरक एका ठिकाणी पडतो, आणि तो मोठा आहे. नडगीसाठी एमआय रूममध्ये जायला कुणी घाबरत नाही. मनासाठी घाबरतात. आपल्यात एक पक्की समजूत आहे की रजिस्टरमध्ये मनाविषयी एक ओळ जरी लिहिली गेली तरी ती पुढे एनडीएच्या मेडिकलला बाहेर येते आणि सगळं संपतं. ही समजूत सीनिअरकडून ज्युनिअरकडे, जुन्या गणवेशासारखी, वापरून वापरून आलेली आहे. ती खरी किती आणि ऐकीव किती, हे मेडिकल ऑफिसर सरांनी एकदा असेंब्लीत सगळ्यांसमोर सांगावं. समजूत कशीही असो, तिच्यामुळे मुलं गप्प बसतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझ्या ओळखीच्या एका कॅडेटबद्दल लिहितो. त्याने हा परिच्छेद वाचून परवानगी दिली आहे. तो चांगला खेळायचा. हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं, बूट पॉलिश राहू लागलं, प्रेपमध्ये तो पुस्तकाचं एकच पान उघडून बसायचा. डॉर्ममध्ये कुणी त्याला आळशी म्हणालं, कुणी होमसिक. पहिल्यांदा खरं लक्ष गेलं ते मेसमधल्या काकांचं. त्याचं ताट रोज जसंच्या तसं परत येतंय, हे त्यांनी हाऊस मास्टर सरांना सांगितलं. सरांनी घरी फोन केला. त्याचे वडील आले, मैदानाच्या कडेला दोघं बराच वेळ बसले, आणि तो घरी गेला. पुढच्या टर्मला परत आला. उपचार घेतले, अजून घेतोय, आता बरा आहे. परवाच्या मॅचमध्ये त्याने मला दोनदा क्लीन बोल्ड केलं, तेव्हा कीव वगैरे करण्याचं कारण नाही.

क्रेगचं पुस्तक त्यानेच मला दिलं होतं. घरी असताना त्याच्या मामेबहिणीने त्याला दिलेलं. तो म्हणाला, 'पोटाचं बरोबर लिहिलंय. मला वाटायचं मलाच पोटाचा काहीतरी रोग झालाय. मन दुखतं तेव्हा पोट दुखतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.' मग जरा थांबून म्हणाला, 'हे मला आधी मिळालं असतं तर मी सरांकडे आपणहून गेलो असतो.' तो गेलाच असता का, हे कुणी सांगू शकत नाही. पण ज्याला हवं होतं त्यानेच हे सांगितल्यावर माझ्यापुरता शेऱ्याचा निकाल लागला.

आणखी एक छोटी मागणी, पुस्तकांशी संबंध नसलेली. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. नंबर 14416, चोवीस तास, अनेक भारतीय भाषांतून. पण आपल्याकडे मोबाईल नसतात आणि हाऊसचा फोन रविवारी रांगेत उभं राहून, मागे दहा जण घड्याळ बघत असताना मिळतो. क्रेगने फोन उचलला म्हणून गोष्ट पुढे गेली. तेव्हा हा नंबर प्रत्येक हाऊसच्या फोनशेजारी लिहिलेला असावा, आणि तो लावण्यासाठी रांग, वेळ, सीनिअरची परवानगी काही लागू नये. पाटीचा खर्च आमचं हाऊस करेल.

राहता राहिली मराठी. आमच्या कपाटात 'श्यामची आई' आहे, फास्टर फेणेचे सगळे भाग आहेत. फुरसुंगीचा बनेश फेणे आपल्यासारखाच बोर्डिंगमध्ये राहणारा. तो पडतो, धडपडतो, चोर पकडतो. पण आठ दिवस त्याला अंथरुणातून उठावंसंच वाटलं नाही, असं भा. रा. भागवतांनी कधी लिहिलं नाही, आणि त्या पुस्तकांत ते शोभलंही नसतं. ते दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं. तोवर मी आणि तो क्लीन बोल्डवाला कॅडेट मिळून क्रेगच्या सुरुवातीच्या काही पानांचं मराठी करतो आहोत, फक्त आमच्या दोघांच्या वहीत.

पहिल्याच पानावर अडलो. डिप्रेशनला काय म्हणायचं? 'नैराश्य' म्हटलं की पेपरातली निकालाच्या दिवसांतली बातमी आठवते. 'औदासीन्य' म्हटलं की पंधरा वर्षांचा मुलगा एकदम पन्नाशीचा वाटतो. डॉर्ममध्ये म्हणतात 'डाऊन आहे', पण डाऊन तर मॅच हरल्यावरही असतो. सुट्टीत आजीला विचारलं. ती म्हणाली, 'आमच्यात म्हणायचे, त्याचा जीव कशात रमत नाही.' मित्राला ते पटलं. मला अजून वाटतं की यात पोटाचं काही येत नाही. सध्या वहीत पेन्सिलने 'जीव रमत नाही' असंच लिहून ठेवलं आहे. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर मराठीच्या मॅडमकडे चिठ्ठी द्यावी.